खोडी कुणाची?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

सण जवळ आला की आमच्या घरात दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एक देव बसवण्याची, आणि दुसरी देवापुढची सजावट जनावरांपासून राखण्याची. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांना ही दुसरी तयारी ठाऊक नसेल. आमचे घर इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठी. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीतच दावण. एक गाय, चार शेळ्या, मोत्या कुत्रा, पाच-सात कोंबड्या, आणि कुणाचीच नसलेली पण दूध मात्र आमचेच पिणारी एक मांजर, असा आमचा परिवार. माणसे धरायची तर आणखी पाच.

या परिवाराचे सणासुदीचे पराक्रम सांगू लागले तर अंकाची पाने पुरायची नाहीत. गणपतीच्या पायाशी मातीचा उंदीर, मखरामागे खरा उंदीर, आणि त्या दोघांवर सारखीच नजर ठेवून बसलेली मांजर, हे दृश्य आमच्याकडे दर भाद्रपदात दिसते. मांजरीने एकदा झेप घेतली ती नेमकी मातीच्या उंदरावर. आरतीचे तबक उलटले आणि कापूर आजीच्या पदरापाशी जाऊन पडला. दिवाळीत धाकट्या भावाने किल्ला करावा, त्यावर अहळीव पेरावेत, चार दिवसांनी हिरवे कोंब यावेत आणि पाचव्या दिवशी सकाळी कोंबड्यांनी ते मुळासकट उकरून काढावेत, हे ठरलेलेच. एका वर्षी मोत्या थेट रायगडाच्या माथ्यावर जाऊन झोपला. उठला तेव्हा गड निम्मा झाला होता. भाऊ रडला, आम्ही हसलो, आणि अर्ध्या तासात चिखल कालवून गड पुन्हा उभा राहिला.

या गोष्टी आपण 'मुक्या जनावरांच्या खोड्या' म्हणून सांगतो. मीही तशाच सांगत असे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात अशी एक 'खोडी' झाली की तेव्हापासून हा शब्द वापरताना माझी जीभ अडखळते.

बारामतीला महाविद्यालयात येऊ लागल्यापासून मैत्रिणींच्या घरच्या गौरी पाहिल्या होत्या. शहरातली ती सजावट, पाठीमागे फुलांची भिंत, हिरवळीचा गालिचा, चमचमणाऱ्या झिरमिळ्या, विजेच्या माळा! पाहताना मनात आमच्या घरच्या गौरी यायच्या. दोन केळीचे खुंट, आंब्याचा टाळा, झेंडूची माळ, आणि पडवीतून येणारा शेळ्यांचा वास. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षणाने माणूस मोठा होतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत आधी लाज मोठी झाली, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या वर्षी मैत्रिणी हळदीकुंकवाला येणार होत्या. सुट्टीत डाळिंबाच्या बागेत काम करून मिळालेले पैसे जवळ होते. त्यातून मी प्लास्टिकच्या वेली, फुले आणि झिरमिळ्या आणल्या. आई म्हणाली, "अगं, टाळा आहे की बांधावर. पैसं कशाला घालवतीस?" मी म्हणाले, "आई, तुला कळायचं नाही त्यातलं." शेळ्या मी घरामागे नेऊन बांधल्या. मोत्याला साखळी घातली. मांजरीला पोत्यात घालून शेजारच्या वस्तीवर सोडून येण्याचा बेतही केला होता, पण ती माझ्यापेक्षा हुशार निघाली.

मैत्रिणी आल्या, गौरींचे कौतुक झाले, फोनवर फोटो निघाले. आणि ऐन त्या वेळी आमची काळी शेळी चंद्री दावे तोडून आत आली. मागच्या दोन पायांवर उभी राहून तिने हिरवी वेल ओढली. अर्धी भिंत खाली आली. तोंडातून लोंबणारी वेल चघळत ती गौरींपुढे उभी राहिली तेव्हा सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मी तेवढी हसले नाही. मी हाताला लागलेल्या वेताने तिला मारले. तिने मार खाल्ला आणि वेलही खाल्ली.

गौरी गेल्या, गणपती गेले. घटस्थापना जवळ आली तसे चंद्रीचे रवंथ थांबले. डावी कूस फुगली, चारा तोंडात धरीना. ती तीन महिन्यांची गाभण होती. अण्णांनी पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणले. त्यांनी कुशीवर हात दाबून पाहिला आणि विचारले, "प्लास्टिक खाल्लंय का हिनं?" मी मान खाली घातली. पडवीतच पोट उघडावे लागले. त्यातून माझी हिरवी वेल निघाली, दोऱ्यासकट. पण ती एकटी नव्हती. तिच्याभोवती जुन्या पिशव्या, झिरमिळ्यांच्या पट्ट्या, हारांचे नायलॉनचे दोरे असा घट्ट गोळा बसला होता. डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसाचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे. तुमच्या वेलीनं शेवटची भर घातली."

चंद्री वाचली. पोटातली करडे वाचली नाहीत. ती मोठी करून विकायची आणि त्यातून माझ्या पुढच्या वर्षाची फी, पुस्तके आणि एस.टी.चा पास भागवायचा, असे अण्णांनी मनाशी धरले होते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आमच्याकडे ती गरिबाची बँकही आहे. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. आजी मात्र रात्री चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, "तिला काय ठावं पोरी, ती पानं खोटी हायती म्हणून?"

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारते आणि तोच आज वाचकांपुढे ठेवते. ही खोडी कुणाची? हिरवे दिसले ते खाणे हा शेळीचा धर्म आहे. न खाण्यासारखी वस्तू खाण्यासारखी दिसेल अशी बनवून तिच्या तोंडापुढे टांगणे, ही खोडी माणसाची. तिने आपल्यावर विश्वास ठेवला. फसवले आपण.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला मोठा कप्पा, ज्याला कोटीपोट म्हणतात, तिथे चारा आंबतो आणि तिथून तो पुन्हा तोंडात येतो. प्लास्टिक तिथे कुजत नाही, पुढेही सरकत नाही. ते साठत जाते, आणि एक दिवस चाऱ्याला जागा उरत नाही. बाहेरून जनावर भरल्या पोटाचे दिसते आणि आतून ते उपाशी असते. मांजरीचा प्रकार निराळा. चमकती झिरमिळी हलली की तिला ती शिकार वाटते. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर आतडे चुण्या पडून कापले जाते. कुत्र्याच्या पिलाने विजेच्या माळेची तार चावली तर काय होईल हे सांगायला नकोच. यांतल्या एकाच्याही मनात खोडी नसते.

मोत्याने मोडलेला रायगड आणि चंद्रीने ओढलेली वेल यांत मला आता मोठा फरक दिसतो. मातीचा गड मोडला तर माती उरते. आंब्याचे तोरण शेळीने खाल्ले तर तोरण जाते, शेळीचे पोट भरते. आपल्या जुन्या सजावटीत जनावराच्या तोंडाचा वाटा जणू आधीच धरलेला होता. त्यामुळे त्यांच्या खोड्या हसण्यावारी नेता येत होत्या. नव्या सजावटीत हा वाटाच ठेवलेला नाही.

आणि आपले सण तरी जनावरांना बाहेर बांधून ठेवणारे कुठे आहेत? गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी आजी बैलाच्या श्रमाचे काही खात नाही, हाताने पिकवलेल्या भाजीवर राहते. गौरी घरात आणताना त्यांना स्वयंपाकघर दाखवतात, तशी दूधदुभत्याची जागाही दाखवतात. म्हणजे गौर स्वतः गोठा पाहून मग आसनावर बसते, आणि मी तिच्यासाठी गोठाच घरामागे हलवला होता! दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने होते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात आणि पुढे बेलवडीच्या रिंगणात अश्व धावतात. इथे जनावर सोहळ्याच्या कडेला उभे नसते, मध्यभागी असते. ज्या मातीत मेंढ्यांचे रिंगण होते त्याच मातीतल्या मुलीला आपल्या शेळीची लाज वाटावी, याला काय म्हणावे?

याला उत्तर म्हणून काही जण म्हणतील, "जनावरं बांधून ठेवा म्हणजे झालं." बांधा ना. पण किती दिवस? सजावट सणापुरती असते. ती उतरवून आपण कुठे टाकतो, हा खरा प्रश्न आहे. चंद्रीच्या पोटातला गोळा आमच्या घरातल्या एका वेलीचा नव्हता. तो उकिरड्यावरचा, नदीकाठचा, मांडवामागचा होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घाटावर जाऊन पाहावे. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही मांडवामागे जाऊन पाहावे. आपला सण संपतो तिथे मोकाट जनावरांचे जेवण सुरू होते.

दुसरे म्हणतील, "सरकारने बंदी घालावी." महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि इतर काही वस्तूंवर बंदी घातली, तीत सजावटीचे थर्माकोलही आले. आमच्या बाजारात थर्माकोलची मखरे त्यानंतर कमी झाली हे खरे, पण त्यांची जागा प्लास्टिकच्या फुलांनी घेतली. आपल्या हौसेला वेसण आपणच घातली नाही तर कायदा एक दार लावतो आणि हौस दुसऱ्या दाराने आत येते.

तिसरा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. सणाच्या तोंडावर झेंडूचे भाव चढतात. प्लास्टिकची माळ एकदा घेतली की चार वर्षे चालते, गरिबाने काय करावे? मी स्वतः गरीब घरातली आहे, म्हणून हा प्रश्न टाळणार नाही. पण हिशेब पुरता मांडावा. माझी स्वस्त वेल आम्हाला दोन करडांना पडली. शिवाय झेंडू लावणारा शेतकरी तरी कोण? आपल्यातलाच कुणीतरी. त्याच्या फुलाला गिऱ्हाईक नाही म्हणून आपणच हळहळतो आणि देवापुढे मात्र कारखान्यातले फूल वाहतो. बांधावरचा टाळा, केळीचा खुंट, ऊस, बाजरीची कणसे यांना पैसे पडत नाहीत. पडते ती फक्त लाज, आणि ती सोडता येते.

निसर्गातले सगळेच निर्धोक असते असेही मी म्हणणार नाही. कण्हेरीचे फूल देवाला चालते, पण तिचा पाला जनावराला विष आहे. निर्माल्यात कण्हेर असेल तर ते गुरांपुढे टाकू नये. हार जनावराला घालायचाच तर आधी दोरा काढून घ्यावा. विजेच्या तारा उंचावरून न्याव्यात. प्लास्टिक वापरायचेच असेल तर जनावराचे तोंड पोहोचणार नाही इतके वर बांधावे, आणि शेळी दोन पायांवर उभी राहते हे विसरू नये. उतरवताना ते मोजून उतरवावे, आणि उकिरड्यावर मुळीच टाकू नये. यांत अवघड ते काय आहे?

यंदा आमच्या गौरी केळीच्या खुंटांत आणि आंब्याच्या टाळ्यात बसल्या. पाठीमागे आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा होता. शेळ्या पडवीतच होत्या. मैत्रिणी आल्या. त्यांतल्या एकीने विचारले, "ती गेल्या वर्षीची कुठंय?" मी चंद्रीकडे बोट दाखवले आणि सगळी हकिगत सांगितली. कुणी हसले नाही. मूळ नक्षत्रावर गौरींचे विसर्जन झाले तेव्हा दोरा सोडवून सगळा टाळा मी दावणीत टाकला. चंद्रीने तो सावकाश खाल्ला. तिच्या कुशीवर टाक्यांचा वण आहे. तिथे केस उगवत नाहीत.

वाचकमित्रहो, तुमच्या घरी शेळी नसेल, मांजर असेल. मांजर नसेल तर दाराशी एखादे मोकाट जनावर असेलच. पुढच्या सणाला सजावट करताना एकदा त्याच्या उंचीवर वाकून पाहा. तिथून जे हिरवे दिसेल ते खरे असू द्या.