माणसासाठी जागल

वऱ्हाडात जागल हा शब्द शेतीचा आहे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी शेतात रात्र काढतो, ती जागल. हंगाम संपला की तीही संपते. परंतु मानेच्या मणक्याला इजा होऊन चारही हातपाय लुळे पडलेला माणूस ज्या घरात बाजेवर आहे, त्या घरची जागल वर्षाचे बाराही महिने चालते आणि तिची नोंद कोठेच होत नाही. तिवसा हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव आहे. वाहनांचे अपघात, झाडावरून पडणे, विहिरीत पडणे ही अशा अपंगत्वाची नेहमीची कारणे या टापूला अपरिचित नाहीत.

धडधाकट माणूस झोपेत न कळत कूस बदलतो. मज्जारज्जूला मानेपाशी इजा झालेल्याला ती बदलता येत नाही आणि एकाच जागी भार पडून कातडी मरू लागली तरी वेदनेची जाणीवही होत नाही. म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कोणीतरी उठून त्याला वळवावे लागते, टाचा, माकडहाड व खांदे पाहावे लागतात. यात हयगय झाली तर होणारे शय्याव्रण प्राणावर बेततात. चित्रपटातील 'सुपरमॅन' म्हणून जगभर गाजलेला अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. पैसा, परिचारिका व उपकरणे यांची त्याला वाण नव्हती. तरीही २००४ साली त्याला मृत्यू आला, तेव्हा त्याच्यावर अशाच एका चिघळलेल्या व्रणासाठी उपचार चालू होते. मग दोन खोल्यांच्या घरात, दिवसा मजुरीला जाणाऱ्या पत्नीने रात्री चारपाच वेळा उठावे या अपेक्षेचे ओझे केवढे, हे निराळे सांगावयास नको.

वळविण्यामुळे होणारी झोपमोड हा मात्र या प्रश्नाचा केवळ दिसणारा भाग आहे. डोळ्यांना अंधाराची जाणीव झाल्यावर झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे द्रव्य मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून स्रवते. पण त्या ग्रंथीकडे जाणारा संदेश मेंदूतून थेट न जाता मानेतील मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि मग परत वर चढतो. मानेपाशी मज्जारज्जू पूर्ण तुटला तर हा मार्गच खंडित होतो. रात्री वाढणारे मेलाटोनिन अशा रुग्णांत आढळत नाही, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. म्हणजे 'दिवसभर पडूनच असतो, मग रात्री झोप कशी येणार' हे शेजाऱ्यांचे निदान अन्यायाचे आहे. दुसरा भाग श्वासाचा. छातीचे स्नायू दुबळे झालेले असतात आणि झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद पडून श्वास अडतो. ही तक्रार अशा रुग्णांत सर्वसामान्यांहून पुष्कळच अधिक आढळते. सकाळी डोके जड असणे, दिवसा पेंग येणे, घोरता घोरता एकदम शांत होणे, ही तिची चिन्हे घरच्यांना ओळखता येतात. पण ती तपासावयाची असतात हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

म्हणूनच झोपेच्या गोळीविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिले पाहिजेत. औषधाच्या दुकानातून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेली गोळी अडणाऱ्या श्वासाला आणखी दडपू शकते. त्याचप्रमाणे रात्री अकस्मात डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर ती निद्रानाशाची तक्रार समजू नये. बहुधा लघवीची नळी मुडपलेली किंवा मूत्राशय तुंबलेले असते आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढत असतो. रुग्णाला त्वरित बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी मोकळी करावी, आणि तरीही उतार न पडल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. उन्हाळ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. इजेखालच्या शरीराला घाम येत नाही. अशा देहाला वैशाखातली वऱ्हाडातली रात्र म्हणजे भट्टीच, आणि वीज गेली की कूलर व हवेची गादी दोन्ही एकदमच बंद पडतात.

जायबंदी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. शेतमजुराला खडकी नाही. त्याला रुग्णालयातून घरी पाठविताना मिळते ती गोळ्यांची यादी. रात्र कशी काढावी याचे शिक्षण त्यात नसते. वस्तुतः कूस कशी व केव्हा बदलावी, नळी कशी पाहावी, श्वासाकडे कसे लक्ष द्यावे, हे घरच्या दोघांना आठवडाभर हाताला धरून शिकविल्याशिवाय रुग्णाला सोडूच नये. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अधिक साहाय्याची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख करतो, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्दही त्याच कलमात आहेत. या शब्दांच्या आडोशाला किती काळ राहावयाचे, याचा जाब शासनाला विचारला गेला पाहिजे.

तोवर गावाने काही करावयाचे आहे. तिवसा तालुक्यातच मोझरीचे गुरुकुंज आहे आणि तुकडोजी महाराजांच्या सेवा मंडळांची परंपरा या भागात खोलवर रुजलेली आहे. प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळींपैकी चौघांनी वळविण्याची रीत शिकून घेतली आणि आठवड्यातून दोन रात्री पाळी धरली, तर त्या घरची बाई दोन रात्री सलग झोपेल. कोणाची पाळी कोणत्या रात्री, हे शाळेतल्या गुरुजींनी एका कागदावर लिहून त्या घराच्या भिंतीला लावून द्यावे.