छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका!

वऱ्हाडात रात्री छातीत दाटून आलं की आपण ओवा खातो, सोडा पितो आणि 'गॅस असेल, सकाळी पाहू' म्हणून कूस बदलतो. कृपा करून हे थांबवा. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडली की त्या घडीपासून हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. वीस हजारांवर भारतीय रुग्णांची पाहणी 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्यातल्या निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते.

उशीर होतो तो घरात, कुणाला उठवू, कुणाला विचारू यात.

दुसरा उशीर जास्त घातक आहे, कारण तो चांगल्या हेतूने होतो. 'मोठ्या दवाखान्यातच नेऊ, अँजिओप्लास्टीच करू' म्हणून नातेवाईक तालुक्याचं रुग्णालय ओलांडून थेट अमरावती, अकोला नाहीतर नागपूर गाठायला निघतात. अँजिओप्लास्टी वेळेत मिळाली तर तीच उत्तम, यात वाद नाही. पण धारणीहून घाट उतरून अमरावतीला येईपर्यंत ती वेळ निघून जाते. 2013च्या 'स्ट्रीम' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दुखणं सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले रुग्ण घेतले होते. त्यांतल्या काहींना आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवलं. त्यांची स्थिती थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांइतकीच चांगली राहिली. म्हणून वाटेतलं जवळचं रुग्णालय ओलांडू नका. मेंदूत रक्तस्राव होण्याचा थोडा धोका या इंजेक्शनात असतो, म्हणून ते ईसीजी पाहून डॉक्टरच ठरवतात. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी घरी परतू नका. त्या अभ्यासात तिघांपैकी एकाला पुढे तातडीने अँजिओग्राफी करावी लागली होती.

छातीवर दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम, मळमळ यांपैकी काहीही पाच मिनिटं टिकलं तर लगेच 108 लावा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत कधी कधी छातीत दुखत नसतानाही झटका येतो, नुसता थकवा आणि घाम असतो. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. 1988च्या एका मोठ्या अभ्यासात या स्वस्त गोळीने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झाले होते.

ही घाई झटक्यासाठी आहे. चालताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं, असं महिनोन्महिने असलेल्यांना कुणी 'आजच स्टेंट टाका' म्हणून घाबरवलं तर दुसरं मत घ्या. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात पाच हजारांवर स्थिर रुग्णांमध्ये आधी औषधं देण्यापेक्षा लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र तेच दुखणं वाढलं किंवा बसल्या जागी येऊ लागलं तर ती पुन्हा तातडीच.

पैशांसाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार मागून कुणीतरी आणेल, रुग्ण आधी निघू द्या.

सरपंचांना आणि आशाताईंना हात जोडून विनंती आहे: रात्री-अपरात्री ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साठ्यात असतं असं तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहा. इंजेक्शन नसेल तर ते ठेवा, अशी लेखी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा.