शिकायला पाठवली की मोर्चाला?

मैत्रिणींनो,

कैरीच्या लोणच्यावर येणारी बुरशी आणि लहानग्यांचा रात्रीचा खोकला यांवरची पत्रे या खेपेस बाजूला ठेवली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकी देईन. आजची सगळी जागा एकाच पत्राला. ते वाचल्यापासून दोन दिवस माझे कामात लक्ष लागलेले नाही.

पत्र भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरहून आले आहे. नाव छापू नका, असे बाईंनी बजावले आहे. यजमान आयुध निर्माणीत, राहायला वसाहतीतले क्वार्टर. थोरली मुलगी नागपूरला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून कॉलेजातल्या काही मुली अर्ज घेऊन गेल्या, दाद लागली नाही तेव्हा दारात बसल्या. त्यांत ही सर्वांत पुढे. संध्याकाळी वॉर्डनबाईंचा घरी फोन. तेव्हापासून घरात अबोला आहे. वडील म्हणतात, "सामान घेऊन परत ये. भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घालू. सुधारली नाही तर लग्न लावून देऊ."

बाई लिहितात, "२४ जानेवारी २०२५ ला कारखान्यात स्फोट झाला, तेव्हापासून यांची ड्यूटी संपेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. आता दुसरा घोर नागपूरचा. आम्ही पोटाला चिमटा घेऊन तिला शिकायला पाठवली की मोर्चाला? विद्यापीठाचं काम शिकवायचं, हे कशाला? तुम्हीच सांगा, पोरीला घरी आणू का?"

ताई, तुमच्या काळजीला मी हसणार नाही. एकोणीस वर्षांची पोर, परके शहर आणि एक कमावता माणूस, यात आईचा जीव थाऱ्यावर कसा राहील? पण "विद्यापीठाचं काम शिकवायचं, हे कशाला" असे तुम्ही विचारले आहे, म्हणून ज्या विद्यापीठाची पदवी तुमची लेक घेणार आहे त्याचीच हकीकत आधी सांगते. मग काय ते ठरवा.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. त्यापूर्वी नागपूरला मॉरिस कॉलेज होते, हिस्लॉप कॉलेज होते, पण परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाची आणि पुढे अलाहाबादची. म्हणजे शिकायचे इथे आणि निकालाची वाट पाहायची शेकडो कोस लांबून! १९२३ साली मध्य प्रांत-वऱ्हाडाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. सुरुवातीला सहा कॉलेजे आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच संसार. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. पुढे या एका घराची किती घरे झाली पाहा. १९८३ साली अमरावतीचे विद्यापीठ वेगळे निघाले, २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना. भंडारा जिल्हा मात्र आजही नागपूरकडेच आहे.

विद्यापीठ पंधरा वर्षांचे झाले असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. तिकडे हैदराबाद संस्थानात निजामाचे राज्य होते. आपला सगळा मराठवाडा त्यातच होता. तिथे लोकांना मत नव्हते, सभा घ्यायची तर परवानगी लागायची. १९३८ साली लोकांनी स्टेट काँग्रेस काढायचे ठरवले, तर ती सुरू होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटले. ते म्हणू नका असा हुकूम निघाला. मुलांनी ऐकले नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचले. मुलांनी संप केला आणि शेकडो मुलांची नावे विद्यापीठाने काढून टाकली.

ताई, जरा त्या मुलांच्या घरांत डोकावून पाहा. कुणाची आई नांदेडकडची, कुणाची बीडकडची, कुणाची तेलंगणातली. घरातला पहिलाच पोरगा शिकायला गेलेला. कुणी जमिनीचा तुकडा गहाण टाकला असेल, कुणी पाटल्या मोडल्या असतील. आणि एके दिवशी पोरगा वळकटी घेऊन दारात उभा! तुमच्या यजमानांनी आज जे उद्गार काढले, तेच त्या दिवशी किती ओसऱ्यांवर निघाले असतील.

या मुलांना संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. शिक्षण संपल्यातच जमा होते. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने दार उघडले. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. काढून टाकलेल्या मुलांना घेणे म्हणजे शेजारच्या बलाढ्य संस्थानिकाची नाराजी ओढवून घेणे. "तुमचं तुम्ही निस्तरा, आम्हांला काय त्याचं," असे म्हणून मोकळे होता आले असते. नागपूरने तसे केले नाही. मुलांना प्रवेश दिला, परीक्षेला बसू दिले.

विद्यापीठाने त्यांना पाठीशी घातले, पण ते अभ्यासाच्या बाकावर बसवून! पुस्तक मिटा आणि घोषणा द्या, असे सांगितले नाही. घोषणा दिल्याबद्दल पुस्तक कायमचे हिरावले जाऊ नये, एवढे पाहिले. विद्यापीठाचे काम शिकवायचे हे तुमचे म्हणणे खरेच आहे ताई. फक्त, मान ताठ ठेवून शिकता आले पाहिजे, ही व्यवस्था करणेही त्याच कामात येते.

त्या मुलांपैकी कित्येक पुढे हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि तिथल्या आयाबहिणींनाही इतरांबरोबर मताचा अधिकार मिळाला.

काढून टाकलेल्यांत तेलंगणातला सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने पुढे कायद्याची पदवी आपल्या नागपूर विद्यापीठाची घेतली. मराठी तर इतके आत्मसात केले, की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली. कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलीचे दुःख सांगणारे पुस्तक, आणि ते भाषांतरासाठी निवडले या पुरुषाने! हा मुलगा म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ आणि १९८९ साली तुमच्या शेजारच्या रामटेकमधून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१ साली पंतप्रधान झाले.

त्यांच्या राजकारणाबद्दल घरोघरी वेगवेगळी मते असतील, त्या वादात मी शिरत नाही. पण पंचायती आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखणाऱ्या घटनादुरुस्त्या त्यांच्या सरकारच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये संसदेत मंजूर झाल्या आणि १९९३ साली अमलात आल्या. प्रयत्न आधीच्या सरकारांपासून चालला होता, हेही सांगायला हवे. महाराष्ट्राने २०११ साली हा वाटा निम्म्यावर नेला. आज आसपासच्या ग्रामपंचायतींत डोक्यावरचा पदर सावरत बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसते, ती त्यामुळे. १९३८ साली त्या मुलाच्या तोंडावर सगळीच दारे बंद झाली असती, तर? पुढचे मी लिहीत नाही.

आणखी एक. विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले. महाराजांचे शाळेतले शिक्षण अगदी थोडे. १९४२ च्या चळवळीत त्यांची भजने ऐकून चिमूर-आष्टीकडची माणसे पेटून उठली, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना धरले आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. म्हणजे तुमच्या लेकीच्या पदवीवर ज्यांचे नाव येणार, तेही एकदा सरकारदरबारी 'पुढे पुढे करणारे' ठरले होते!

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल, बाईंनी पोरीचीच बाजू घेतली. विद्यार्थी रस्त्यावर आले की प्रत्येक वेळी न्यायच होतो असे नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्याच्या विरोधात निघालेल्या आंदोलनाने पुढे इतके भयंकर वळण घेतले, की खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, त्यात बायाही चालत होत्या. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे! तेव्हा मोर्चा म्हटला की चांगला, असेही नाही आणि वाईट, असेही नाही. मागणी स्वतःच्या हक्काची आहे की दुसऱ्याचा हक्क हिरावण्याची, आणि हातात अर्ज आहे की दगड, एवढे दोन प्रश्न आईने विचारावेत.

तुमच्या लेकीच्या हातात अर्ज होता, ताई. मागणी हक्काच्या पैशांची होती.

तेव्हा माझा सल्ला असा. फोनवर काही ठरवू नका. रविवारी ठाणा पेट्रोलपंपावरून एस.टी. पकडा आणि तिला भेटून या. डबा न्या, पहिला अर्धा तास नुसते खाऊ द्या. मग "का बसलीस?" असे न विचारता "काय झालं होतं?" असे विचारा. दोन्हींत पुष्कळ फरक आहे.

अर्जाची प्रत आणि पोच जवळ ठेवली आहे का, ते पाहा. नसेल तर ठेवायला सांगा. सही करण्याआधी प्रत्येक कागद पुरता वाचायचा, कुणी सांगितले म्हणून अंगठा उठवायचा नाही. मोडतोड सुरू झाली की तिथून निघायचे, मग मैत्रिणी भित्री म्हणाल्या तरी चालेल. कुठे जाणार ते घरी आधी कळवायचे. आणि हजेरी, प्रॅक्टिकल, परीक्षा यांत खंड पडू द्यायचा नाही. उस्मानियाच्या मुलांनी परक्या गावी येऊन पदव्या घेतल्या, ही गोष्ट तिला जरूर सांगा. लढणाऱ्याला पदवी नको असते, हा समज काढून टाका.

यजमानांना नोकरीची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. सरकारी नोकरीला नियम असतात आणि घरच्यांना सरकार उलथवणाऱ्या चळवळीपासून दूर ठेवावे अशी अपेक्षाही असते. पण शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मुली दारात शांत बसल्या, तर सरकार उलथत नाही! तरी मनात शंका असेल, तर त्यांनी युनियनमधल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारावे.

युनियनवरून आठवले. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या ४१ आयुध निर्माणींच्या कामगारांनी संप केला होता. तेव्हा तुमची लेक शाळेत असेल. यजमान त्या दिवसांत गेटवर होते का, ते मला ठाऊक नाही. होते असतील, तर रात्री जेवण झाल्यावर, त्यांची मर्जी पाहून, हळूच विचारा, "अहो, पोरगी हे शिकली कुणाकडून?" माझा अंदाज आहे की अबोला तिथेच सुटेल.

घरी आणण्याबद्दल विचारता, तर परीक्षा संपली की आणा, चार दिवस लाड करा आणि पुन्हा पोचवून या. शिक्षा म्हणून मात्र आणू नका. आणि लग्नाची धमकी तर मुळीच नको. लग्न काही शिक्षा म्हणून करायचे नसते, हे तुम्हां-आम्हांला चांगले ठाऊक आहे. तिचे चुकले असेल तर स्पष्ट सांगा, रागवा, पण "या घरचं दार तुला बंद" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. परक्या मुलांसाठी एका विद्यापीठाने दार उघडले होते. ही तर तुमची पोटची पोर.

भेटून आल्यावर काय झाले ते जरूर कळवा. नाव याही वेळी छापणार नाही.

तुमची,
ताई