आकडा चढला, पण पाऊस पडला होता का?

वळवाची सर येऊन गेली की आपण खिडक्या उघडून मातीचा वास घेतो. नेमक्या त्या वेळी किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र अंगणात ठेवले, तर त्याचा आकडा थोडा चढलेला दिसेल. अणुभट्टीत काही बिघडलेले नसते. पाऊस पडलेला असतो, इतकेच.

माती आणि खडकांत युरेनियमचा अंश सगळीकडेच असतो. त्यातून पायरीपायरीने रेडॉन नावाचा वायू तयार होतो आणि मातीतल्या फटींतून वर येतो. साधारण ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री गार हवा जमिनीलगत पडून राहते, तसा तोही साचतो. पहाटे सर्वांत जास्त. ऊन तापले, हवा ढवळली, की दुपारपर्यंत विरळ होतो. समुद्रातून तो फारसा निघत नाही. म्हणून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तो कमी, जमिनीवरून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांत अधिक.

रेडॉनपासून शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू तयार होतात व हवेतल्या धुळीला चिकटतात. पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. १९०२ साली सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने नुकतेच पडलेले पावसाचे पाणी आटवून पाहिले. भांड्यात उरलेल्या साक्यात किरणोत्सर्ग होता, आणि तो अर्ध्या तासात निम्म्यावर आला! (बँकेच्या थकबाकीत असे कधी घडले नाही.)

पण पाऊस दुसरेही काही आणू शकतो. एप्रिल १९८६मध्ये चेर्नोबिलला स्फोट झाला. पुढच्या दिवसांत जिथे पाऊस पडला, त्या बव्हेरियात, स्वीडनच्या येव्ले भागात, वेल्सच्या डोंगरांत सीझियम-१३७ अधिक उतरले. ते निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात. वेल्समधल्या मेंढ्यांवरचे शेवटचे निर्बंध २०१२ साली उठले.

आकडा दोन्ही वेळा चढतोच. एक काही तासांत उतरतो, दुसरा नातवंडांच्या काळापर्यंत रेंगाळतो. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. शेजारी शेऱ्याचा रकाना हवा: पाऊस किती वाजता पडला, आकडा पुन्हा केव्हा खाली आला. जर्मनीत सुमारे १,७०० मापकयंत्रांचे आकडे कोणालाही पाहता येतात. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तिथल्या मच्छीमारालाही हा हिशेब त्याच्या भाषेत, रोजच्या रोज मिळायला हवा.

‘लोक उगाच घाबरतील,’ असे यावर म्हटले जाते. हे वाक्य मी नोकरीतही ऐकले आहे. एकदा आमच्या शाखेची रोकड आणणारी गाडी पुरात अडकली. तसा फलक लावू का, असे मी साहेबांना विचारले. त्यांनी नको म्हटले. दुपारी दोनपर्यंत खातेदारांची रांग चौकाच्या पलीकडे गेली होती.