गडी आणि गदा

ऑनलाइन खेळांचा विषय निघाला, की आपल्याकडे बोलणे एकाच वळणावर जाते : पोरे बिघडली, डोळे बिघडले, वेळ वाया गेला. त्या खेळांच्या आत न्याय कसा होतो, माणसे एकमेकांशी कशी वागतात, हाही विचार करण्याजोगा विषय आहे असे वडीलधाऱ्यांना वाटत नाही. आणि खेळणाऱ्यांना विचार करायला सवड नसते! म्हणून हा प्रपंच.

प्रश्न साधा आहे. जिंकतो कोण, गडी की त्याचे हत्यार?

जे या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुष्कळ ऑनलाइन खेळांत आपल्या पात्राच्या अंगावरचे चिलखत, हातातली तलवार, बोटातली अंगठी या प्रत्येकाला आकड्यांत मोजलेले बळ असते. या सगळ्या सरंजामाला खेळाडू 'गिअर' म्हणतात. २००४ साली निघालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीचा खेळ याचे ठळक उदाहरण. सुरुवातीच्या काळात तेथे उत्तम गिअर हवे तर चाळीस जणांनी ठरल्या वेळी जमून 'मोल्टन कोअर'सारख्या गुहेत तासन् तास झुंजावे लागे. राक्षस पडला की वस्तू हाती लागणार दोन-चार, आणि वाटेकरी चाळीस! मग कोणाला काय द्यायचे याचे नियम खेळाडूंच्या मंडळांनी स्वतः बसवले. हजेरीचे गुण मांडायचे, वस्तू घेतली की गुण वजा करायचे. आपल्याकडच्या भिशीच्या वहीची आठवण व्हावी असा सारा कारभार. गिअरची बाजू घेणारे म्हणतात, ही घामाची कमाई आहे. मला ते पटते. त्या चिलखतामागे चाळीस जणांचा एकमेकांवरचा भरवसा होता.

पण तेच चिलखत घालून राक्षसाऐवजी दुसऱ्या खेळाडूवर चालून गेले, की घोटाळा होतो. हरणाऱ्याला कळत नाही, की आपला सराव कमी पडला की चिलखत. आणि माझ्या मते याहून मोठे नुकसान जिंकणाऱ्याचे आहे. कौशल्य वाढते ते चूक अंगाशी आल्यामुळे. भारी गिअर चूक अंगाशी येऊच देत नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा कुस्ती जिंकल्यावर मिळते. ती घेऊन कोणी आखाड्यात उतरत नाही. येथे मात्र गदा घेऊनच पुढची कुस्ती!

ब्लिझार्डलाही हे कळत नव्हते असे नाही. २०१६ साली त्यांनी खेळाडूंच्या आपसांतील सामन्यांत गिअर जवळजवळ बाजूला ठेवून प्रत्येकाला ठरावीक बळ दिले. त्यावर, मग आम्ही एवढे कमावले ते कशासाठी, अशी ओरड झाली आणि २०१८ साली ती व्यवस्था मोडीत निघाली. माणसाला समान संधी हवी असते. पण आपली गदा खाली ठेवायची वेळ आली, की ती नकोशी होते.

सर्वांत वाईट परिणाम मात्र लढाईच्या बाहेर दिसला. २००९-१० च्या सुमारास याच खेळात 'गिअरस्कोअर' नावाचे एक साधन पसरले. ते कंपनीने केलेले नव्हते, खेळाडूंनीच केलेले. कोणाचेही गिअर पाहून ते एक आकडा सांगे. झाले! गटात येऊ का, असे विचारले, की उलट प्रश्न येई, आकडा किती? तुला खेळता येते का, हे विचारायचे कारणच उरले नाही. चांगले गिअर हवे तर गटात शिरायला हवे, आणि गटात शिरायचे तर आधी चांगले गिअर हवे. नोकरीच्या जाहिरातीत 'अनुभव आवश्यक' वाचणाऱ्या आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना हा पेच समजावून सांगायला नको.

यात पैसा शिरला की कमाईचा युक्तिवादही संपतो. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात पैसे भरून घेता येणाऱ्या पेट्यांतून लढाईत उपयोगी पडणारे बळ मिळे. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला, की खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला तो व्यवहार थांबवावा लागला. पुढच्या वर्षी पैशाने फक्त रंगरूप विकत मिळू लागले. ग्राहकांनी एकजुटीने केलेले असे काम क्वचितच पाहायला मिळते.

खेळ बरोबरीचा करता येत नाही असे मुळीच नाही. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये २०१२ पासून समोरासमोरच्या सामन्यांत सर्वांना सारखेच बळ मिळते. आपल्याकडे २०२१ साली आलेल्या 'बीजीएमआय'च्या नेहमीच्या डावात तर शंभर जण विमानातून रिकाम्या हातांनी उड्या टाकतात. बंदुका खाली उतरल्यावर शोधायच्या. याहून समान वाटणी ती कोणती?

पण विमानात बसण्याआधीच एक गिअर आपल्या खिशात असते, ते म्हणजे हँडसेट. महागड्या फोनवर पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ किंवा नव्वद वेळा हलते, स्वस्तातल्या फोनवर तीस वेळा. आमच्या वसतिगृहात एक मुलगी घरच्यांचा जुना फोन वापरते. शत्रू कोणत्या खिडकीत असेल हे ती आवाजावरून सांगते आणि तिचे बहुधा खरे ठरते. नेम धरायला जावे, तर फोन अडकतो. संध्याकाळी गट जमतो तेव्हा आता तिला हाक मारत नाहीत. कोणी वाईट बोलले नाही, भांडणही नाही. फक्त हाक मारत नाहीत.

यंदा स्नेहसंमेलनात मोबाइलवरील खेळाची स्पर्धा घ्यावी, अशी मागणी वर्गावर्गांतून होत आहे. अवश्य घ्यावी. परंतु कॅरमचा बोर्ड आणि स्ट्रायकर जिमखाना देतो, तसे हँडसेटही जिमखान्याने एकसारखे द्यावेत. तेवढे पैसे नसतील (ते नसतातच!), तर प्रत्येक जोडीचे दोन डाव लावावेत आणि कबड्डीत मध्यंतरानंतर अंगण बदलतात, तसे पहिल्या डावानंतर फोन बदलावेत. ही सूचना मी जिमखाना प्रमुखांना लेखी दिली आहे. नावनोंदणीच्या यादीत पहिले नाव त्या मुलीचे घातले आहे, तिला विचारून.