घोडा आईचा नव्हे, उच्चाराचा

चिनी लिपी शिकवण्याची एक रंजक पद्धत बरीच वाखाणली जाते. प्रत्येक चिन्हाची एक गोष्ट रचावी आणि तिच्या आधाराने चिन्ह ध्यानात ठेवावे. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ या चिन्हात डावीकडे स्त्री आहे, उजवीकडे घोडा. गोष्ट तयारच असते: आई दिवसभर घोड्यासारखी राबते. विद्यार्थी हसतो, चिन्ह लक्षात राहते, शिक्षक कृतार्थ होतो. वर चिनी समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी दोन वाक्ये ऐकवायलाही तो मोकळा.

वास्तविक या घोड्याचा राबण्याशी काडीचाही संबंध नाही. चिनी भाषेत घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, केवळ सूर निराळा. अर्थाची दिशा स्त्री दाखवते, घोडा फक्त उच्चार सुचवतो. ‘शिवी देणे’ या अर्थाच्या ‘मा’मध्ये, मुंगीच्या नावातील ‘मा’मध्ये आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नार्थक ‘मा’मध्येही हाच घोडा उभा आहे. गोष्टीवाल्याला चार गोष्टी रचाव्या लागतील. व्यवस्था जाणणाऱ्याला एक घोडा पुरतो. बहुसंख्य चिनी चिन्हे अशीच अर्थखूण आणि ध्वनिखूण यांच्या जोडीतून घडलेली आहेत.

गोष्टीचा मोह जुनाच आहे. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने आपल्या कोशात ९,३५३ चिन्हांची फोड केली. ध्वनिखुणा त्याला चांगल्या ठाऊक होत्या. तरी ‘राजा’ या चिन्हातील तीन आडव्या रेघा म्हणजे स्वर्ग, मनुष्य आणि पृथ्वी, व त्यांना जोडणारी उभी रेघ म्हणजे राजा, असा देखणा अर्थ त्याने नोंदवला. १८९९ नंतर प्राचीन अस्थिलेख अभ्यासकांच्या हाती आले आणि या चिन्हाच्या मुळाशी कुऱ्हाडीचे पाते असावे, असे मत पुढे आले. फेनोलोसाचा निबंध एझ्रा पाउंडने १९१९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा चिनी लिपी म्हणजे चित्रमय काव्यच, हा समज इंग्रजी साहित्यविचारात रुजला. त्यातून आधुनिक कवितेला प्रेरणा मिळाली, हे खरे; पण कवितेला उपकारक ठरलेला गैरसमज लिपीचे शास्त्र ठरत नाही.

गोष्टीने स्मरणाला मदत होते, हे कोण नाकारील? जपानीतील चिनी चिन्हांसाठी ही पद्धत १९७७ च्या पुस्तकातून रूढ करणाऱ्या जेम्स हायझिग यांनी आपल्या गोष्टी म्हणजे व्युत्पत्ती असा दावाही केला नाही. आक्षेप वेगळा आहे. त्यांच्या पहिल्या भागात केवळ अर्थ आणि लेखन आहे. उच्चार दुसऱ्या भागावर सोपवलेले आहेत. चिन्हातील जो अवयव ध्वनी सांगण्यासाठीच आला, त्यालाही मग गोष्टीतील पात्र व्हावे लागते.

आपल्या अंकलिपीकडे पाहावे. ‘ग गणपतीचा’ हीदेखील स्मरणाची युक्तीच. पण ती अक्षराच्या ध्वनीला धरून आहे. ‘ण’ने आरंभ होणारा सोपा शब्द सापडेना, तेव्हा अंकलिपीने ‘ण बाणाचा’ म्हटले. शब्दाच्या शेवटाशी जाणे तिने पत्करले, ध्वनी सोडला नाही.

हीच कसोटी सर्वत्र लावावी. गोष्ट जरूर सांगावी, मात्र ती लिपीच्या रचनेला धरून असावी. तशी नसेल, तर ही केवळ आठवणीची युक्ती आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. नाही तर विद्यार्थ्याजवळ हजार गोष्टी जमतील, आणि हजार एकावे अपरिचित चिन्ह समोर आले की उच्चाराचा साधा अंदाज बांधणेही त्याला जमणार नाही.