सहल बेटावरची, काळजी घरची

आमच्या ओळखीतले एक कुटुंब डिसेंबरच्या सुट्टीत अंदमानला गेले होते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. आजोबांना कित्येक वर्षांपासून मधुमेह. रोज सकाळी एकदा इन्सुलिन घ्यायचे, खाण्यापिण्याचे पथ्य पाळायचे, सगळे अगदी शिस्तीत. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. ती पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे बोटीने एका रात्रीसाठी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला निघाले. मोठ्या बॅगा हॉटेलातच ठेवल्या. इन्सुलिनही तिथल्याच फ्रीजमध्ये राहिले. ‘‘बाबा, आजचं इंजेक्शन झालंय. उद्या दुपारी परत येतोच की आपण,’’ मुलगा म्हणाला. आजोबांनाही ते पटले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, समुद्र खवळला आणि बोटी रद्द झाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या संध्याकाळी आजोबांना उलट्या सुरू झाल्या, घशाला कोरड पडली, ग्लानी येऊ लागली. सुदैवाने बेटावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. त्यांनी रक्तातली साखर तपासली, सलाइन लावले, इन्सुलिन दिले आणि रात्रभर लक्ष ठेवले. चौथ्या दिवशी बोट सुटली आणि सगळे सुखरूप परतले. त्या रात्रीची आठवण निघाली, की सूनबाईंचे डोळे आजही भरून येतात.

चूक कोणाची? तशी कोणाचीच नाही. आपण बेटावर आहोत, एवढेच सगळे विसरले होते.

बेट म्हणजे बेटच

महाबळेश्वरला किंवा गोव्याला गेल्यावर काही दुखले खुपले, तर गाडी काढून मोठे शहर गाठता येते. अंदमानात तसे नाही. तिथली राजधानी श्रीविजयपुरम (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) इथून राजधानीला यायचे, तर बोटीला दीड ते अडीच तास लागतात. शिवाय प्रवासी बोटी दिवसाच सुटतात आणि हवा बिघडली, की त्याही बंद. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकले होते. अखेर नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांची सुटका केली.

म्हणून पहिला नियम हा, की रोजची औषधे नेहमी स्वतःजवळच्या छोट्या पिशवीत असावीत. मोठ्या बॅगेत नकोत, हॉटेलात नकोत. सहल सात दिवसांची असेल तर औषधे चौदा दिवसांची घ्यावीत आणि ती दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. लहान बेटांवर औषधांची दुकाने थोडी असतात. तुमची नेमकी गोळी तिथे मिळेलच असे नाही. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्याव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या कंपनीची तीच गोळी ओळखता येते.

इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात कधीही देऊ नये. तिथे ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. बर्फालाही ते थेट टेकू देऊ नये. सध्या वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर, तीस अंशांच्या आत टिकतात. आपल्या बाटलीवरची सूचना मात्र वाचावी. उन्हात उभ्या गाडीत मात्र ते तासाभरातही खराब होऊ शकते. सोबत साखर तपासण्याचे यंत्र, पुरेशा पट्ट्या आणि चार ग्लुकोज बिस्किटे असू द्यावीत.

निघण्यापूर्वी

महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटून यावे. हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर विमानप्रवासाबद्दल स्पष्ट विचारावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उष्ण हवेत तिची मात्रा तीच ठेवायची का, हेही विचारावे. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर ते घ्यावे. प्रवाळाने पाय कापणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे.

आरोग्यविमा असल्यास एक फोन करून दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. अंदमानातल्या कोणत्या रुग्णालयात रोख रक्कम न भरता उपचार मिळतील? आणि रुग्णाला विमानाने चेन्नई किंवा कोलकात्याला हलवावे लागले, तर तो खर्च विम्यात येतो का? पुष्कळ विम्यांत तो येत नाही किंवा त्याला मर्यादा असते. हे आधी कळलेले बरे.

बोट, ऊन आणि पाणी

बोट लागण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी सुचवलेली गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. अगदी उपाशीपोटी निघू नये, तसेच तेलकट नाश्ता करूनही निघू नये. बोटीच्या मधल्या भागात बसावे, नजर दूर क्षितिजावर ठेवावी. पुस्तक आणि मोबाइल बाजूला.

अंदमानात सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि हिवाळ्यात सायंकाळी साडेपाचच्या आत अंधारू लागतो. हे ओळखूनच दिवस आखावा. समुद्रस्नान आणि चालणे सकाळी उरकावे, दहा ते तीन सावलीत काढावेत. सेल्युलर जेलसुद्धा सकाळी लवकर पाहावे. सावरकरांची कोठडी तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखणाऱ्या आणि धाप लागणाऱ्या मंडळींनी जिने दमादमाने, मध्ये थांबत चढावेत. भर दुपारी तर नकोच.

पाण्यात पालथे तरंगत प्रवाळ पाहताना गार वाटते, पण पाठ भाजत असते, हे रात्री कळते. लहान मुलांना पाण्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. ऊन रोखणारे मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

घामाने मीठ आणि पाणी दोन्ही जातात. जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीतच. ती नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. शहाळे उत्तमच, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच प्यावे, कारण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले आणि अंग तापले, तर उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

समुद्रातले आणि किनाऱ्यावरचे

जेलीफिशचा चटका बसला, तर ती जागा वाळूने चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत. नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस ते चाळीस मिनिटे तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. विषारी काट्याचा मासा पायाला टोचला, तरी गरम पाण्याचाच उपाय करून डॉक्टरांकडे जावे. श्वास लागला, छातीत दुखले, चेहरा सुजला, तर घरगुती उपाय करत बसू नये.

संध्याकाळी ओल्या वाळूवर उघड्या अंगाने बसल्यास वाळूमाश्या चावतात. खाज फार सुटते, पण खाजवू नये, कारण जखम चिघळते. चटई अंथरावी, पाय झाकावेत.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये स्वराज द्वीपावर पाण्यात उतरलेल्या एका परदेशी महिलेचा मगरीने बळी घेतला होता. मगरींची सूचना देणारी पाटी दिसली, की फोटोपुरतेही पाण्यात उतरू नये. खाडी, खारफुटी आणि तिन्हीसांजेची वेळ टाळावी.

स्कूबा डायव्हिंगचा मोह तरुण मंडळींना होतोच. सर्दी, कान दुखणे, दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल, तर तो मोह आवरावा. त्याआधी भरून देण्याच्या अर्जात आजार लपवू नये. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एकदाच डुबकी घेतली असेल तर निदान बारा तास आणि अनेक डुबक्या घेतल्या असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये. पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि सांधे, मेंदू, मज्जारज्जू यांना इजा करू शकतो. म्हणून डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला ठेवावे, शेवटच्या दिवशी नको.

ताप आला तर

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा रात्री. त्यामुळे मलम चोवीस तास लागते आणि झोपताना मच्छरदाणी. तिथला तिसरा ताप म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. अंदमानात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका गूढ तापाची साथ आली होती, ज्यात रुग्णांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव होई. त्याचे कारण हाच जंतू असल्याचा उलगडा १९९० च्या दशकात झाला. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून अनवाणी चालू नये.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे आजार घरी परतल्यावरही डोके वर काढतात. म्हणून महिना-दोन महिन्यांत ताप आला, तर ‘आम्ही अंदमानला गेलो होतो’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

उपचार कुठे मिळतील?

किरकोळ दुखण्याला लहान बेटांवरची प्राथमिक आरोग्य केंद्रे पुरी पडतात. गंभीर रुग्णाला श्रीविजयपुरमला गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात आणतात. हे सरकारी रुग्णालय १९६३ मध्ये सेल्युलर जेलच्याच आवारात उभे राहिले. जेथे एकेकाळी माणसांना खंगवले जात होते, तेथेच आज माणसे बरी होतात, हे पाहून मन भरून येते. त्याहून मोठ्या उपचारांसाठी चेन्नई किंवा कोलकाता गाठावे लागते.

यातून शिकायचे ते एवढेच, की बेटावर दुखणे अंगावर काढू नये. छातीत कळ आली, एक हात लुळा पडला, मुलाच्या उलट्या थांबेनात, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नये. दुपारी सांगितलेत, तर संध्याकाळची बोट मिळेल. रात्री सांगितलेत, तर सकाळची वाट पाहावी लागेल. हॉटेलात पोचल्याबरोबर आरोग्य केंद्राचा नंबर आणि शेवटच्या बोटीची वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण मोबाइलला तिथे सगळीकडे संपर्क मिळत नाही. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

आणखी एक काळजी

बाराटांगला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तेथे थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यामागे आरोग्याचेही कारण आहे. शतकानुशतके एकांतात राहिलेल्या या लोकांच्या शरीरात आपल्या रोगांविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती नाही. १८७७ मध्ये गोवराच्या साथीने ग्रेट अंदमानी जमातीची फार मोठी हानी केली. जारवांमध्येही १९९९ आणि २००६ मध्ये गोवर पसरला होता. आपल्याला दोन दिवस सतावणारी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. घरात कोणाला ताप-खोकला असेल, तर त्या दिवशी त्या रस्त्याने न गेलेलेच बरे. आपली प्रकृती जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच यजमानांची जपणेही.

ते आजोबा आज ऐंशीच्या घरात आहेत. पुन्हा बेटावर जाण्याचे नाव काढले, तर सूनबाई नको म्हणत नाहीत. फक्त एक निळी पिशवी आणून त्यांच्या खांद्याला अडकवतात. ‘‘बाबा, ही आधी. मग सावरकर, मग समुद्र.’’